औषधाचा टाका

जमिलाने कापसाचा बोळा माठातल्या पाण्यात बुडवला, बोटांनी दाबून जास्तीचं पाणी निथळू दिलं आणि ती खाटेकडे वळली. खाटेवर तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ जफर उताणा पडून होता. त्याच्या डाव्या डोळ्यावरची प्लास्टिकची वाटी तिने काढून बाजूला ठेवली, पदर दाताखाली धरला आणि दोन बोटांनी पापणी उचलली.

"वरतं पाहा, भाईजान."

त्याने बुबुळ वर नेलं. तिने बोळा पिळला. एक थेंब डोळ्यात पडला, दुसरा गालावरून कानाकडे ओघळला. नागपूरच्या दवाखान्यातून दिलेली औषधाची बाटली तिच्या कमरेला, पदराच्या गाठीत होती. तिचं सील अजून तुटलेलं नव्हतं.

"झालं का?" जफरने विचारलं.

"झालं. पडून राहा आता."

तो मुकाट्याने पडून राहिला. एवढा मुकाटपणा जमिलाने त्याच्यात कधी पाहिला नव्हता. पांढरकवड्याच्या त्या मोहल्ल्यात जफरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. गाद्या भरायचा धंदा बापाचा, पण नाव केलं ते जफरने. आसपासच्या गावात पोरीचं लग्न ठरलं की बाप घरचा कापूस पोत्यात भरून त्याच्याकडे यायचा. तो पिंजायचा, गादी-उशा भरायचा आणि बैलगाडीत रचून द्यायचा. पिंजण्याची मशीन दिवसभर घरघरत असायची आणि सगळ्या घरावर कापसाच्या तुसाची पांढरी साय धरलेली असायची.

आता मशीनवर जुनी चादर टाकलेली होती. त्या साली गुलाबी बोंडअळीने कापसाची बोंडं आतून पोखरली. ज्यांच्या घरी वेचायलाच काही उरलं नव्हतं ते गादीसाठी कापूस कुठून आणणार? ज्यांना परवडत होतं ते नागपुरी फोमच्या गाद्या घेऊन जात होते. लोकांनी कापसाची उभी झाडं, पऱ्हाटी, उपटून टाकली होती आणि जफरने तीच एक गाडीभर जळणासाठी अंगणात टाकून घेतली होती. पायाखाली धरून तो एक फांदी मोडत होता. ती उसळली आणि तिचं टोक सरळ त्याच्या डोळ्यात गेलं. उजवा डोळा काचबिंदूने आधीच घालवलेला. उरलेला हा एकच.

सैफने त्याला रातोरात नागपूरला नेलं. सैफ जफरचा एकुलता एक पोरगा, वणीहून कोळशाचा ट्रक चालवायचा. तिथे बुबुळ शिवलं, टाके घातले. घरी आणल्यावर सैफने औषधाची बाटली जमिलाच्या हातात दिली. दुसरं द्यायला घरात होतंच कोण? जफरची बायको सैफ रांगत असतानाच वारली होती. जमिलाचा नवराही जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला पोरबाळ नाही. सैफला तिनेच न्हाऊमाखू घातलं, तिनेच मोठा केला. तो तिला चाची म्हणायचा आणि बापापेक्षा तिच्याशी जास्त बोलायचा.

बाटली देताना सैफने हात धुण्यापासून सगळं समजावून सांगितलं आणि मग काळजीपोटी म्हणाला, "चाची, अब्बाले डोळा चोळू देजो नोको. तुनं चोळला अन् गमावला, तसं नोको व्हाले."

जफर तिथेच खाटेवर बसला होता. त्याने ते ऐकलं. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

जमिलाने बाटली घेतली, पदरात बांधली आणि गाठ घट्ट केली. सैफचा ट्रक गेल्यावर ती माठाशी गेली.

जमिलाला डावा डोळा नव्हता. पापणी आत ओढलेली, आणि त्या बाजूला कायम पुढे घेतलेला पदर. मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं की ऑपरेशननंतर तिने डोळा चोळला, सांगूनही ऐकलं नाही. जफरनेच सगळ्यांना तसं सांगितलं होतं, इतकी वर्षं आणि इतक्या वेळा की बहुधा त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं असावं.

झालं होतं ते वेगळंच. लग्न होऊन ती या घरात आली त्याच्या पुढच्याच लगीनसराईत मशीनच्या रुळाचा एक तारेचा दात तुटला आणि तिच्या डोळ्यात घुसला. यवतमाळला नेऊन डोळा शिवला. तिथल्या डॉक्टरने हात जोडून सांगितलं होतं की बाईला धुळीत बसवू नका, औषधाचे थेंब चुकवू नका. घरी आल्यावर दोन-तीन दिवस ती पट्टी बांधून आतल्या खोलीत पडून राहिली. बाहेर गाद्यांचे ढीग अडले होते. लोक हेलपाटे घालत होते. मग जफर दारात येऊन उभा राहिला. तो जेठ, म्हणून तिने घाईघाईने पदर ओढला.

"एक डोळा उघडा आहे न तुया?" तो म्हणाला. "मंग बस मशीनवर. बसून खायाचे दिवस नाई हे."

तिचा नवरा मागेच उभा होता. भावापुढे तो कधी बोलला नाही, तेव्हाही बोलला नाही. जमिला मशीनवर बसली. तूस उडत होतं, नाकात जात होतं, पट्टीच्या कडेने आत जात होतं. थेंबांची बाटली संपली तेव्हा तिने सांगितलं. जफर म्हणाला, उद्या आणतो. यवतमाळला जाणं म्हणजे आख्खा दिवस मोडणार, आणि दिवस मोडायला त्याच्याकडे सवड नव्हती. तो 'उद्या' उजाडला तेव्हा पट्टी पिवळी झाली होती आणि डोक्यात कोणी निखारा ठेवावा तसं तिला होत होतं. यवतमाळच्या डॉक्टरने या वेळी हात जोडले नाहीत, नुसती मान हलवली. डोळा काढून टाकला.

त्यानंतर गाद्या तिनेच शिवल्या. दाभणाचा एकेक टाका तिच्या हातचा असायचा. पण त्याच गादीवर नवरीला बसवायची वेळ आली की बायका तिला आडोशाला सरकवायच्या. अपशकून नको, म्हणायच्या. तोंडावर कोणी बोलायचं नाही, हाताला धरून गोड बोलून मागच्या अंगणात भांड्यांकडे न्यायच्या. तिथे खरकटी भांडी घासता घासता तिला दर वेळी जफरचं तेच वाक्य आठवायचं. एक डोळा उघडा आहे न तुया.

आणि आता सैफ, जो तिच्या कुशीत वाढला, तोही तेच म्हणाला. चोळला अन् गमावला.

म्हणून पाणी. माठातलं, उघड्यावरचं, ज्यात सगळ्या घराचे हात बुडतात ते पाणी. रोज सैफने सांगितलेल्या वेळी ती न चुकता यायची. न चुकता वाटी काढायची, पापणी उचलायची. शेजारची अतिया दोनदा पाहून गेली आणि बाहेर जाऊन सांगत सुटली की जमिला जेठाची सेवा करते तशी पोटची लेकसुद्धा करणार नाही. जमिलाने ऐकून घेतलं. पापणी उचलली की ती आपला एकमेव डोळा अगदी जवळ नेऊन बघायची. पिवळं कुठे दिसतंय का? कडेला चिकटा धरलाय का? तिला तो रंग पाठ होता. तिला तो बघायचा होता. बघितल्याशिवाय तिला झोप नको होती.

एकदा तिचा हात कमरेकडे गेला होता. त्या दुपारी जफर झोपेत कण्हत होता, तोंड उघडं, दाढीचे खुंट वाढलेले, म्हातारा दिसत होता. तिने पदराची गाठ सोडली, बाटली तळहातावर घेतली. तेवढ्यात त्याला जाग आली आणि अर्धवट झोपेतच त्याने त्या जुन्या आवाजात हाक मारली, "जमिला, च्या ठेव." तिने बाटली परत बांधली आणि चहा ठेवायला गेली.

तपासणीचा दिवस आला तेव्हा सैफ ट्रकवर होता. जमिलाच जफरला एसटीने नागपूरला घेऊन गेली. डोळ्यावर वाटी असल्यामुळे जफर तिच्या कोपराला धरून चढला, धरून उतरला. दवाखान्यात डॉक्टर स्पृहा नावाची तरुण मुलगी होती. तिने जफरची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात उजेड टाकला आणि बराच वेळ बघत राहिली. जमिला शेजारी उभी होती. आता ही बाई मान हलवेल, तिला वाटलं. यवतमाळच्या डॉक्टरने हलवली होती तशी.

डॉक्टर मागे सरकली आणि हसली. "एकदम स्वच्छ आहे, काका. छान भरतेय जखम. हा माझा हात दिसतो? किती बोटं?"

"तीन," जफर म्हणाला. "भुरकं दिसते, पन दिसते."

जमिलाने विचारलं, "साफ आहे?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"साफ म्हणजे अगदी साफ," डॉक्टर म्हणाली आणि तिच्याकडे वळून समजावू लागली. काकांच्या डोळ्याला घातलेले टाके साधे नव्हते. त्या धाग्यातच औषध भरलेलं होतं, आणि जखम भरेपर्यंत ते आतल्या आत थोडं थोडं सुटत राहतं. अजून हे नवीन आहे, अभ्यास चालू आहे. सैफने सही केली तेव्हा त्याला सगळं सांगितलं होतं.

"असं बघा मावशी," ती म्हणाली, "आम्ही इथे कितीही चांगलं शिवलं तरी पेशंट घरी जातो. घरी धूळ असते, काम असतं, थेंब राहून जातात. घालणाऱ्याच्या मनात असलं तर डोळा वाचतो. कोणाच्या हातावर डोळा अवलंबून राहू नये, एवढंच या धाग्याचं काम. पण थेंब घातलेत ना तुम्ही? तेही लागतातच."

जमिलाने तोंड उघडलं. काय बोलणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्याआधी जफर बोलला.

"घातले न, मॅडम. एक बी नाई चुकवला तिनं."

डॉक्टरने तिला शाबासकी दिली, मग तिच्या पदराकडे पाहून विचारलं, की तुमच्या या डोळ्याचं काय झालं होतं? जमिला म्हणाली, जुनी गोष्ट आहे. जफर खाली वाकून चपलेचा अंगठा शोधत राहिला.

परतीच्या गाडीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली, पण तिने ती जफरला दिली. तिला बाहेर काही बघायचं नव्हतं. तो धागा तिच्या डोक्यातून जाईना. कोणाला न विचारता, कोणाची परवानगी न घेता त्याने आपलं काम केलं होतं. जफरसारखा माणूस दारात येऊन उभा राहिला असता तरी त्याने ऐकलं नसतं. मशीनवर बसवलं असतं तरी तो आतून औषध सोडत राहिला असता. तिच्यासाठी असं कोणी काही केलं नव्हतं. ना नवऱ्याने, ना नशिबाने. आणि मिळालं तर कोणाला मिळालं? जफरला.

हिंगणघाट मागे पडलं. जफर वाटीच्या कडेने बाहेर डोकावून बघत होता. उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग बांधाबांधावर पडलेले, वावरं उघडी बोडकी. तो म्हणाला, सगळ्यांनीच उपटली वाटते. लहान पोरासारखा खुशीत होता. त्या खुशीने तिचा तोल गेला.

"भाईजान, म्या औषध टाकलं नाई तुमच्या डोळ्यात," ती म्हणाली. "पाणी टाकलं. माठातलं."

तो खिडकीकडेच बघत राहिला.

"मालूम आहे," तो म्हणाला.

गाडीचा आवाज होता, म्हणून तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो मग हळूहळू बोलला. दवाखान्यात नर्सने थेंब टाकला तेव्हा आग आग झाली होती. तिने टाकलेलं गार होतं. पहिल्याच दिवशी त्याला समजलं.

"मंग बोलले काहून नाई?"

"कोन्या तोंडानं बोलू?"

जमिला त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं की हा माणूस तिच्या मुठीत आहे. आणि तो जाणूनबुजून पापणी वर करून देत होता. तिचा सूडही त्याने दान घेतल्यासारखा घेतला होता. तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो आधीपेक्षा मोठा होता.

"मंग फिटलं असं वाटते तुमाले?" तिने विचारलं. "डोळा त शाबूत आहे तुमचा. काय फिटलं?"

त्याने विचारलं की तुला काय पाहिजे ते सांग.

तिला ते शोधावं लागलं नाही. "सैफले सांगा. माया डोळ्याचं."

जफरने पहिल्यांदा तिच्याकडे तोंड वळवलं. वाटीमागचा ओला, लाल डोळा तिच्यावर रोखलेला होता. "मोहल्ल्यात सांगतो," तो म्हणाला. "मशिदीच्या पायरीवर उभा राहून सांगतो. पोट्ट्याले नोको, जमिला."

"पोट्ट्यालेच."

करंजीला गाडी थांबली, लोक चहाला उतरले. ती दोघं बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सैफ आला. ट्रक गल्लीत मावत नाही म्हणून रस्त्यावर उभा करून, हातात संत्र्यांची थैली घेऊन धावतच आत शिरला. बापाने त्याच्या शर्टाचा रंग ओळखला तेव्हा सैफचं तोंड उजळलं. त्याने बापाला मिठी मारली, मग जमिलाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि डोळ्यांना लावले. हे हात नसते तर अब्बा आंधळे झाले असते, म्हणाला. जमिलाने हात सोडवून घेतले आणि ताटं वाढली.

रोज ती वाढून चुलीकडे जायची. आज गेली नाही. जफरच्या समोर भिंतीला टेकून बसली आणि पदर मागे सरकू दिला. जेठापुढे तिचं उघडं तोंड त्या घरात कोणी पाहिलं नव्हतं. सैफने चमकून पाहिलं. जफरने दोन घास खाल्ले. तिसरा हातातच राहिला.

मग त्याने सांगितलं. आवाज खाली होता, पण त्याने काही झाकलं नाही, हे जमिलालाही कबूल करावं लागलं. तारेचा दात, यवतमाळच्या डॉक्टरने जोडलेले हात, दारात उभं राहून तो जे बोलला ते जसंच्या तसं. संपलेली बाटली. उद्या आणतो, उद्या आणतो. आणि शेवटी, चोळला असं म्याच पसरवलं. लोकाईनं मले दोष देऊ नये म्हणून.

सांगितलं नाही ते फक्त एक. पाण्याचं तो बोलला नाही. ते जमिलाने सांगायचं होतं, आणि ती गप्प बसली. सैफच्या मनात आपले हात जसे होते तसे तिला राहू द्यायचे होते. त्यासाठी जफरचे उपकार घ्यावे लागत होते, ते तिने गिळले.

सैफचं जेवण थांबलं होतं. त्याने ताट पुढे सारलं. मग म्हणाला, "बाटली देली त्या दिवशी म्या चाचीले काय म्हनलं? तुमी इथंच बसेल होते. इथंच."

जफर म्हणाला, "हो."

"मी ल्हानपनापासून तिले तेच म्हनत आलो. तुमी हसत होते."

हे खरं होतं. लहान सैफ बोबडं बोलायचा तेव्हा चाचीला बोट दाखवून सांगायचा, चोलू नोको, आणि जफर मांडी थोपटून हसायचा. जमिला ते विसरली होती. सैफ विसरला नव्हता.

तो उठला. हात धुतले, रुमालाने पुसले, खुंटीवरची पिशवी घेतली. जमिलाला वाटलं, तो आपल्याजवळ येईल. इतक्या वर्षांनी तिच्या बाजूने बोलणारं कोणीतरी या घरात उभं होतं. सैफ तिच्यासमोर येऊन थांबलाही. पण त्याला मान वर करता येईना. तिच्या उघड्या तोंडाकडे, त्या ओढलेल्या पापणीकडे त्याला बघवेना. तिच्या पायाला हात लावून तो तसाच वळला आणि दाराबाहेर पडला. बापाचा निरोप त्याने घेतला नाही.

"सैफ," जफरने हाक मारली. तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला नाही.

तो चाचपडत उठला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. वाटी त्याने काढून टाकली होती. दुपारचं ऊन थेट डोळ्यावर येत होतं, पाणी गळत होतं, तरी तो डोळा मिटत नव्हता. गल्लीतून सैफ लांब लांब ढांगा टाकत चालला होता. रस्त्यावर ट्रकचं दार आपटल्याचा आवाज आला. मग इंजिन.

जमिला उष्टी ताटं गोळा करत होती.

"गेला का तो?" जफरने मागे न बघता विचारलं.

तिने सैफच्या ताटातली अर्धी भाकरी उचलून टोपलीत ठेवली.

"तुमाले दिसते न आता," ती म्हणाली. "तुमीच पाहा."